पाच फुटांची फळी आणि पंचवीस ओव्या

१/ वर्षारंभी अनेक वाचक अभिजात साहित्य वाचण्याचा संकल्प सोडतात आणि तो बहुधा आकड्यांत मांडतात: वर्षाला बारा ग्रंथ, चोवीस ग्रंथ. अशा संकल्पांना शतकाहून अधिक जुना इतिहास आहे. त्यांचे माप कोठे चुकते, हेही त्या इतिहासातच दिसते.

२/ चार्ल्स विल्यम एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पाच फुटांच्या फळीवर मावतील एवढे ग्रंथ रोज पंधरा मिनिटे वाचले, तर महाविद्यालयात न गेलेल्यालाही उत्तम शिक्षण लाभेल, असे ते सांगत. कॉलियर या प्रकाशनसंस्थेने ही कल्पना उचलली आणि १९०९ पासून ‘हार्वर्ड क्लासिक्स’ची पन्नास खंडांची माला निघाली.

३/ ज्ञान सामान्यांच्या घरी पोहोचावे, ही एलियट यांची तळमळ थोर होती. मात्र पन्नास खंडांची फळी भरली, की वाचनाआधीच समाधान वाटू लागते. त्यांच्या योजनेतील टिकाऊ भाग पंधरा मिनिटांचा आहे, पन्नास खंडांचा नव्हे.

४/ मराठीपुरते पाहायचे, तर ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. ओव्या सुमारे नऊ हजार. सप्ताहाच्या पारायणात रोज जवळजवळ तेराशे ओव्या होतात. पारायणाचे प्रयोजन उपासनेचे व श्रवणाचे आहे आणि तेथे ती गती योग्यच आहे. यादवकालीन मराठीचा अर्थ उकलू पाहणाऱ्या एकट्या वाचकाला ती झेपणारी नाही.

५/ त्याच्यासाठी दुसरा आदर्श आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत तीन शतकांत अपपाठ शिरले होते. एकनाथांनी त्यांचे संशोधन करून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः मोठे ग्रंथकार असलेल्या या वाचकाने दुसऱ्याच्या एका ग्रंथापाशी थांबून शब्दन्‌शब्द पारखला.

६/ रोज पंचवीस ओव्या वाचल्यास नऊ हजार ओव्यांना ३६० दिवस लागतात. सार्थ आवृत्ती हाताशी असली, तर पंचवीस ओव्यांना अर्धा तास पुरावा. बारावा अध्याय अडीचशेच्या आत, म्हणजे दहा दिवसांचा. प्रारंभ तेथून करावा. अठरावा अठराशेहून मोठा, म्हणून अध्याय मोजण्यापेक्षा ओव्या मोजणे बरे.

७/ आकड्यावाचून शिस्त लागत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आकडा टाकून देऊ नये. तो ग्रंथांवरून काढून दिवसावर ठेवावा. वर्षअखेरीस यादीत एकच नाव उरेल. परंतु सातशे वर्षांपूर्वीची मराठी त्या वाचकाला परकी राहिलेली नसेल, आणि पुढचा जुना ग्रंथ उघडताना त्याला धास्ती वाटणार नाही.