मूळ कागदाकडे चला

गोव्याच्या इतिहासावर विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रबंध चाळताना एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. निष्कर्ष ठाम असतात, भाषा आवेशाची असते. मात्र आधार म्हणून दाखविलेली पुस्तके एकमेकांवरून उतरविलेली असतात. मूळ कागद कोणीच पाहिलेला नसतो. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. तो कागद कोठे मिळतो आणि कसा वाचावा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

वास्तविक या बाबतीत गोव्याइतका भाग्यवान प्रदेश विरळा. १५९५ साली येथे सरकारी दप्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु दु कौतु त्याचा पहिला रक्षक नेमला गेला. मोसमी जहाजांनी लिस्बनशी चालणारा पत्रव्यवहार, शेजारच्या राजांना धाडलेली पत्रे, गावकारीची दप्तरे असे केवढे तरी धन गोव्याच्या पुराभिलेखागारात आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच कागदांत आयुष्य वेचले व मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज साधनांची जोड दिली. ज्याला पोर्तुगीज येत नाही, त्याने त्यांच्या ग्रंथांतील तळटीपांपासून आरंभ करावा. मूळ कागदाकडे जाणारी वाट तेथूनच निघते.

एक उदाहरण पुरे. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण मागे राहिलेल्या देवळांच्या जमिनींचे पुढे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर आवेशात नाही, दप्तरात आहे. साष्टीच्या १५६७ सालच्या ‘फोराल’मध्ये देवळांच्या जमिनींची नोंद आहे. महसुलासाठी राज्यकर्त्यांनी लिहविलेला हा कागद. पण मोडलेल्या देवळांची खूण त्यानेच राखली. अर्थात, राज्यकर्त्याचा कागद राज्यकर्त्याच्या सोयीनेच बोलतो. म्हणून देवस्थानांची व गावकारीची कागदपत्रे, ताम्रपट, शिलालेख त्याच्या शेजारी मांडून पाहावेत. जेथे जुळत नाही, तेथे तसे स्पष्ट लिहावे. मग ते आपल्या मनाविरुद्ध का असेना.

कित्येक कागद तर सरकारी दप्तरात नाहीतच. ते आपल्याच घरांच्या माळ्यांवर, पेटाऱ्यांत वाळवीच्या तोंडी पडले आहेत. मोडी वाचणारे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. महाविद्यालयांनी मोडी व पोर्तुगीज वाचनाचे वर्ग चालवावेत, पुराभिलेखागाराने विद्यार्थ्यांचे आपुलकीने स्वागत करावे आणि जुन्या घराण्यांनी व देवस्थानांच्या महाजनांनी निदान नकला तरी करू द्याव्यात. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही, फार खर्चाचीही नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी ही भूमी मुक्त झाली. तिचा इतिहास मात्र अजून ऐकीव माहितीच्या अमलाखाली आहे. त्याला सोडविण्याचे काम आता विद्यार्थ्यांचे. त्यांच्या हाती किल्ल्या देण्याचे काम आपले.