भात कमी केला, मग त्या जागी काय?

14 नोव्हेंबर 2017 रोजी बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबरच, आणि म्हणून जागतिक मधुमेह दिनही तोच. हा योगायोग कोलकात्याला जितका शोभतो तितका दुसऱ्या शहराला क्वचितच शोभेल. जिथे बिर्याणीतही बटाटा हक्काने विराजमान असतो, तिथे ‘कर्बोदके कमी करावीत का?’ हा प्रश्न साऱ्या ताटालाच हात घालतो.

या ताटाची शास्त्रीय तपासणी शंभर वर्षांहून जुनी आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी बंगाली आहाराचा अभ्यास करून 1912 साली प्रथिनांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील वंशविषयक अनुमाने आज टाकाऊ ठरली आहेत. भात भरपूर आणि प्रथिने अपुरी, हे निरीक्षण मात्र टिकून आहे. आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष 2025 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. त्यांनुसार भारतीय आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के.

तेव्हा कर्बोदके कमी करावीत, इथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो ‘हा आहार आपल्याला मानवेल का’ या प्रश्नापाशी, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर शोधतात. ती जागा चुकीची आहे. यकृतात व स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. भात, पोळी, साखर एकदम तोडली की हा साठा आटतो आणि दीड-दोन किलो वजन चटकन उतरते. त्यात चरबी थोडी, पाणीच बहुत.

वर्षभराचे चित्र निराळे दिसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2018 मधील प्रयोगात 609 जणांची दोन गटांत विभागणी केली होती. कमी स्निग्धांश घेणाऱ्यांचे वजन सरासरी 5.3 किलोने घटले, कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे 6 किलोने. म्हणजे म्हणण्याजोगा फरक नाही. प्रत्येक गटाच्या आत मात्र कोणाचे वजन पंचवीस किलोंहूनही अधिक घटले, तर कोणाचे चक्क वाढले. वायूतील रेणूंची सरासरी गती सांगितली म्हणून एखाद्या रेणूची गती कळत नाही, तसेच हे. कोणाला कोणता आहार लागू पडेल हे जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या स्रावावरून आधी ओळखता येईल, ही अपेक्षाही त्या प्रयोगात फोल ठरली. जनुकचाचणीवरून आहार ठरवून देणाऱ्या जाहिराती वाचताना एवढे आठवणीत असले तरी पुष्कळ.

मग निर्णय कशावर घ्यावा? काढलेल्या घासाच्या जागी काय येणार, यावर. इंडियाबच्या विश्लेषणात पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने, कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच राहिल्यास, मधुमेहाची शक्यता कमी दिसली नाही. भात सोडून ज्वारीच्या दोन भाकऱ्या जास्त खाणाऱ्या मराठी घरांनी हे वाचून थोडे थांबावे. ऊर्जेतील 5 टक्के वाटा कर्बोदकांऐवजी वनस्पतिज प्रथिने, दूध, अंडी किंवा मासे यांना दिला, तर ती शक्यता कमी दिसली. निष्कर्ष निरीक्षणात्मक आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी दिशा स्पष्ट आहे.

5 टक्के म्हणजे किती? दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर 100 कॅलरी, म्हणजे 25 ग्रॅम कर्बोदके. कच्च्या तांदळात मोजले तर मूठभर. त्या जागी 25 ग्रॅम प्रथिने आणायची, तर रोहू माशाचे सुमारे दीडशे ग्रॅम मांस लागेल. माशाचा झोल रोज रांधणाऱ्या घराला हे अवघड नाही. वरणावर भिस्त ठेवणाऱ्याचे गणित अडते, कारण तेवढ्या प्रथिनांसाठी शंभर ग्रॅमच्या आसपास डाळ लागते आणि तिच्याबरोबर पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदके परत ताटात येतात. म्हणून शाकाहारी व्यक्तीने भात बराच अधिक घटवावा लागतो, किंवा पनीर, दही, सोयाबीन यांचा आधार घ्यावा लागतो. नुकत्याच निदान झालेल्या मधुमेहाला माघारी नेण्यासाठी इंडियाबच्याच 2022 च्या गणिती प्रारूपाने सुचवलेले कर्बोदकांचे प्रमाणही 49 ते 54 टक्के होते. ‘किटो’पासून हे फार दूर आहे.

काहींनी मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने औषधाची मात्रा न बदलता भात तोडला, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना अतिकमी कर्बोदके घेतल्यास कीटोआम्लता उद्भवू शकते, आणि तीही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे ती लवकर ध्यानात येत नाही. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही डॉक्टरांना विचारल्यावाचून ताट बदलू नये.

राहता राहिला खर्च. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते. म्हणजे रोजच्या साधारण पावणेसहाशे कॅलरी, जवळजवळ सगळ्या कर्बोदकांच्या. कायद्याने हमी दिलेल्या या धान्यात डाळ नाही, अंडे नाही, दूधही नाही. ‘आपल्याला हा आहार योग्य आहे का’ असे विचारण्याची मोकळीक ज्यांना आहे, त्यांच्या ताटात बदलीचा पदार्थ आधीच आलेला असतो. ज्यांच्या ताटात तो नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न शिधावाटप दुकानाच्या यादीत काय असावे, असा आहे आणि तो शास्त्रज्ञांनी सरकारला विचारायचा आहे.