उधारीचा तंबोरा

साताऱ्यात कीबोर्ड 'बिनव्याजी' हप्त्यावर घेतला, तरी व्याज सुटत नाही. ते किमतीत वा शुल्कात दडवले जाते. असे बिनव्याजी काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या कारागिराने तंबोरा उधारीवर दिला, तर मात्र व्याज त्याच्याच खिशातून जाते. मंगळवेढ्याकडचा भोपळा आधी घ्यायचा, वाळवायचा, जवारी लावायची आणि वर पैशाची वाट पाहायची! मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले; भांडवलाचे काय? पतसंस्थांनी दुचाकीसारखे तंबोऱ्यालाही कर्ज देऊन रक्कम थेट कारागिराच्या हाती ठेवावी. हप्ते गाणे शिकणाऱ्या मुलीचे वडील फेडतील, आणि कारागिराला पुढच्या हंगामाचे भोपळे रोखीने घेता येतील.