खुंट निवडताना

गेल्या दिवाळीत नातीने लाल डोक्याचा निवडुंग आणला आणि पिंप्राळ्यातील आमच्या घराच्या गॅलरीत त्याची मोठ्या कौतुकाने स्थापना झाली. पौषातील थंडीत मात्र त्याची हिरवी दांडी बुंध्यापाशी पिवळी पडली. माघात ती मऊ झाली. ‘फूल मेले,’ असे म्हणून नात हिरमुसली. वास्तविक वरचा लाल भाग धडधाकट होता. खचला होता तो त्याला पोसणारा खुंट.

हा लाल गोळा फूल नव्हे. जिम्नोकॅलिसियम जातीच्या निवडुंगाचा हा प्रकार १९४०च्या सुमारास जपानमध्ये पुढे आला. त्याच्यात हरितद्रव्य नसल्याने त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. म्हणून तो दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर कलम करूनच जगवावा लागतो. गावठी बोरीच्या खुंटावर उत्तम बोराचा डोळा भरतात, हे आपल्या खानदेशात सर्वांस ठाऊक आहे. येथे फरक इतकाच, की वरच्याचे सारे आयुष्यच खालच्याच्या हवाली असते.

रोपवाटिकेत यासाठी बहुधा ड्रॅगन फ्रूटची तीन धारांची फांदी वापरतात. ती लवकर मुळे धरते, भराभर वाढते आणि स्वस्त पडते. परंतु ती उष्ण, दमट प्रदेशातील वेल आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि थंडीच्या काही रात्री १० अंशांखाली उतरतो. अशा थंडीत कुंडीची माती ओली राहिली, की हा खुंट कुजू लागतो. विक्रेत्याला झटपट वाढ हवी असते, आपल्याला टिकाऊपणा. खुंट निवडताना हा भेद ध्यानी ठेवावा.

घरच्या कुंडीसाठी उभा वाढणारा सेरियस मला अधिक भरवशाचा वाटतो. मात्र बांधावरचा तिधारी निवडुंग दिसायला सारखा असला, तरी त्यावर कलम करू नये. तो चिकाच्या कुळातील आहे, कॅक्टसच्या नव्हे. कलम जुळत नाही आणि चीक डोळ्यांना घातक असतो.

मागील पावसाळ्यात सेरियसचा एक तुकडा मी कुंडीत लावून ठेवला होता. खुंट असाच मुळे धरलेला, रसरशीत आणि वाढीला लागलेला असावा. फार कोवळा नको, लाकूड झालेला तर नकोच. लाल निवडुंगासाठी त्याची चार-पाच इंच हिरवी उंची राखावी, कारण तीच त्याची अन्नशाळा. स्पिरिटने पुसलेल्या पात्याने खुंट आडवा कापून कडा किंचित तासल्या. लाल डोक्याचा तळ डाग नसलेला, स्वच्छ गर दिसेपर्यंत कापला. दोन्ही कापांच्या मध्यभागी रसवाहिन्यांचे वर्तुळ दिसते. ती वर्तुळे कोठेतरी एकमेकांवर यावीत, हेच कलमाचे मर्म. खुंटाचे वर्तुळ मोठे असल्यास डोके थोडे बाजूला सरकवावे. मग रबराने हलका दाब देऊन कुंडी सावलीत ठेवली आणि दहा दिवस कापावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही.

रबर काढल्यावर डोके हलले नाही. चैत्रात त्याच्या कडेला मोहरीएवढे लाल पिल्लू दिसले, ते प्रथम नातीनेच पाहिले. आता नवी कुंडी घेताना ती वरचा रंग पाहण्याआधी वाकून खालची दांडी दाबून पाहते.