संसारांतील हिशेब : वेशीवरची जकात

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं संगीत ऐकविणाऱ्या एका संस्थेची वर्गणी फोनवरील ॲपमधूनच भरली. पुढें पुतण्या घरीं आला, तेव्हां कळलें कीं, तीच वर्गणी त्यानें संस्थेच्या संकेतस्थळावर भरली असून ती त्याला बरीच कमी पडली. "माल एक, दुकानदार एक, मग भाव दोन कां? आणि हें त्या ॲपनें सांगितलें कां नाहीं?" सूनबाईंचे हे दोन्ही प्रश्न आम्हांस विचारांत पाडणारे वाटले.

पहिल्याचें उत्तर जकातींत आहे. ॲपल कंपनीनें जुलै २००८ मध्यें आपला ॲपचा बाजार उघडला आणि विक्रीवर शेंकडा ३० वांटा ठेवला. २०११ मध्यें ग्रंथ, मासिकें, संगीत यांनाही तो लागू झाला. शिवाय बाहेरच्या दुकानाचा दुवा ॲपमध्यें देण्यास मनाई झाली. त्या वेळीं अमेरिकेंतील मोठे प्रकाशक ई-पुस्तकाच्या किंमतीपैकीं शेंकडा ७० स्वतः घेत व ३० विक्रेत्यास देत. म्हणजे १० डॉलरच्या पुस्तकांत विक्रेत्यास ३ डॉलर. तेच ॲपलला दिले कीं हातीं शून्य! म्हणून ॲमेझॉननें जुलै २०११ मध्यें आपल्या किंडल ॲपमधील दुकानाचें दारच काढून टाकलें. स्पॉटिफायनें दुसरा मार्ग धरला. २०१५ सालीं अमेरिकेंत तिची मासिक वर्गणी संकेतस्थळावर ९.९९ डॉलर, तर ॲपलच्या वाटेनें १२.९९ डॉलर होती. जकात शेवटीं गिऱ्हाइकाच्याच पदरांतून गेली.

बाजार राखणाऱ्यानें जकात घ्यावी, यांत अधर्म नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः पंचमांश शुल्क सांगितलें आहे. परंतु त्याच ग्रंथांत असाही दंडक आहे कीं, व्यापाऱ्यानें शुल्कशाळेच्या ध्वजाखालीं मालाचें प्रमाण व किंमत तीन वेळां उघड पुकारावी. ॲपलचा नियम याच्या अगदीं उलट : भाव अन्यत्र कमी असला तरी विक्रेत्यानें ॲपमध्यें मौन पाळावें! सूनबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हेंच, आणि आमच्या मतें खरा दोषही हाच.

न्यायासनांनींही तो ओळखला. एपिक गेम्सच्या दाव्यांत कॅलिफोर्नियांतील न्यायालयानें सप्टेंबर २०२१ मध्यें ही मनाई उठविण्याचा आदेश दिला, आणि एप्रिल २०२५ मध्यें तो मोडल्याबद्दल ॲपलला दोषी ठरविलें. लगोलग मे महिन्यांत अमेरिकेंतील किंडल ॲपमध्यें पुस्तक विकत घेण्याची कळ आली. आपल्याकडे स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें, विक्रेत्यांवर आपल्याच गल्ल्याची सक्ती केल्याबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. अपिलांत मार्च २०२५ मध्यें तो २१६.६९ कोटींवर आला.

गृहिणींनीं इतकेंच करावें : वर्गणी भरण्यापूर्वीं संस्थेच्या संकेतस्थळावरचा भाव पाहावा. तो प्रत्येक वेळीं कमी असेलच असें नाहीं. पण मंडईंत दोन ठिकाणीं भाव विचारल्यावांचून आपण भाजी तरी कोठें घेतों? मात्र फोनवरून भरलेली वर्गणी आधीं फोनवरच बंद करावी, नाहींतर दोन्हीकडे पैसे जातील. आमच्या सूनबाईंनीं तसेंच केलें. आणि वांचलेल्या पैशांचा हिशेब त्यांनीं घरखर्चाच्या वहींत स्वतः मांडला आहे.