वही धरणारी माणसं



यंदाच्या अंकाचा विषय 'स्थलांतर' असं आम्ही वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात जाते आहे. आलेल्या बहुतेक लेखांत तेच चित्र आहे. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायांना फोड, मागे बंद घराला लावलेलं कुलूप. शेवटी लेखकाचे डोळे पाणावतात आणि लेख संपतो. माणूस गावातून निघाला की आमच्या लेखकांची लेखणी धावते, तो शहरात पोचला की थांबते. तिथं त्याला खोली कुणाच्या शब्दावर मिळाली, पहिला पगार होईपर्यंत जेवण उधार कुणी घातलं, ठेकेदारानं हजेरी बुडवली तेव्हा दहा-वीस जणांना गोळा करून त्याच्या दारात कोण उभं राहिलं, याबद्दल अवाक्षर नाही.

वर्षाचा आढावा घेण्याची प्रथा आहे, ती दोन ओळींत उरकतो. 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन झालं. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या याचा आनंद आहे. मार्चमध्ये खुलताबादेतल्या औरंगजेबाच्या कबरीवरून जो गदारोळ झाला, तो आमच्या दारावरून गेला. सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यातली उभी पिकं नेली. त्यावर चार सुबक वाक्यं लिहिण्याची आमची हिंमत नाही.

तर मूळ मुद्दा. 8 मे 2020 ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नसेल. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो देशभर छापून आला. त्या पोळ्यांवर कविता किती झाल्या! पण 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा तेव्हा या देशात लागू होता, त्यात ठेकेदाराला परवाना लागे, मजुरांची नोंदवही ठेवावी लागे, प्रत्येकाला फोटोसह पासबुक द्यावं लागे, गावी जाण्यायेण्याचं भाडं द्यावं लागे, हे त्यातल्या किती कवींना माहीत होतं? आणि असेल, तरी नोंदवहीवर कविता होत नाही. नेमकी इथंच आमची तक्रार आहे.

वहीवरच ज्यांनी आयुष्य घालवलं, अशा एका बाईंचं नाव आम्ही या निमित्तानं पुढे करतो. प्रेमा पुरव. त्या मूळच्या गोव्याच्या. मुक्तिलढ्यात पायाला गोळी लागलेली. मुंबईत आल्या, कम्युनिस्ट पक्षाच्या आणि गिरणी कामगार युनियनच्या कामात पडल्या. म्हणजे स्वतःच बाहेरगावहून आलेल्या, आणि काम केलं तेही बाहेरगावहून आलेल्यांतच. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकापोरं गावी ठेवून परळ-लालबागच्या खोल्यांतून पाळीपाळीनं झोपत. त्यांना दोन वेळचं जेवण घालत त्या खानावळवाल्या. गिरण्यांतून बायकांची कपात होत गेली तेव्हा कित्येकींना चुलीचाच आधार उरला होता. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा गड्यांचा स्वयंपाक. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, वाणी अडला की सावकार, आणि सावकारी व्याज महिन्याच्या हिशेबानं. पगाराच्या दिवशी आलेला पैसा त्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात जायचा.

1974 च्या सुरुवातीला गिरण्यांचा संप 42 दिवस चालला. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, सभा आहेत, वाटाघाटी आहेत. त्या 42 दिवसांत संपकरी जेवले कुठं? खानावळवाल्यांनी त्यांना उधार घातलं. पगार नाही म्हणून कुणाचं ताट बंद झालं नाही. संप मिटला, कामगार कामावर गेले आणि या बायका कर्जात रुतल्या. युनियनच्या लेखी त्या कामगारही नव्हत्या. प्रेमाताईंना बोचलं ते हे.

मग त्यांनी जे केलं त्यात नाट्य शोधायला जाऊ नका. त्या खोलीखोलीतून हिंडल्या. किती जेवणारे, वाण्याचं देणं किती, सावकाराचं किती, हे विचारत गेल्या. दुपारची भांडी झाल्यावर आणि रातपाळीचे डबे भरायच्या आधी जी घटकाभर सवड मिळे, तेवढ्यात बैठक. 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची कर्जयोजना निघाली होती, पण ती कागदावर होती. बँकेला तारण हवं. या बायकांकडे तारण ठेवायला परातीखेरीज काय होतं? तेव्हा एकीची हमी दुसरीनं घ्यायची, गटानं कर्ज घ्यायचं आणि गटानंच फेडायचं, अशी रीत बसवली. पहिल्या खेपेला 14 जणींना कर्ज मिळालं. प्रेमाताईंचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी होते, त्यामुळे बँकेचं दार कुठून ढकलायचं हे घरात ठाऊक होतं. ओळखीचा असा उपयोग होत असेल तर ओळखी जरूर असाव्यात.

14 चे पुढे हजारो झाले. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. जेवणारे गडी गावी परतले. मंडळ मात्र टिकलं, कारण ते कुणाच्या भाषणावर उभं नव्हतं, हप्त्यांच्या वहीवर उभं होतं. 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा सामंत यांनी बँकेची नोकरी सोडून पुण्याच्या वस्त्यांत हेच काम पुढे नेलं. एवढी मोठी कहाणी, आणि मराठी कादंबरीनं गिरणगावावर इतकं लिहूनही ही वही फारशी उघडलेली नाही.

अण्णासाहेब पाटलांचंही तसंच. पाटण तालुक्यातला हा माणूस मुंबईत दारूखाना भागात ओझी वाहत होता. पाठीवरून पोती वाहणारे गावाकडचेच गडी त्यानं एकत्र केले आणि 1969 चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. मालकानं मजुरी माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार. आज त्यांचं नाव राजकारणात घेतलं जातं ते मराठा आरक्षणासाठी. लेव्ही म्हणजे काय, हे व्यासपीठावरच्या किती जणांना सांगता येईल, शंकाच आहे.

आता म्हणाल, वेरूळात बसून गिरणगावाचं काय घेऊन बसलात? इथं मूळचं म्हणावं असं काय आहे सांगा. डोंगर मूळचा, तोही राष्ट्रकूटांनी वरून खाली कोरून काढला. 1327 मध्ये तुघलकानं दिल्ली उठवून दौलताबादेत आणली. इथून हाकेच्या अंतरावर खुलताबादेत मलिक अंबर निजला आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, आणि त्यानं 1610 मध्ये खडकी वसवली, तिला नहरीनं पाणी दिलं. त्या शहराचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, नाव आजवर अनेकदा बदललं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, यावर मोहल्ल्यातल्या बायका सोडल्या तर कुणी बोलत नाही.

आणि गिरणगाव दूर कशाला, जवळ वाळूजची औद्योगिक वसाहत आहेच. 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागून शेकडो कंपन्या आल्या. रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगर या गावांच्या आणि वसाहतींच्या खोल्यांत आज बीड, परभणी, हिंगोलीची पोरं राहतात, बिहार-उत्तर प्रदेशातलीही राहतात. त्यांचे डबे करणाऱ्या बायका आहेत, महिन्याचे खाडे वजा करून हिशेब मांडतात, आणि पोरगं काम सुटून रातोरात खोली सोडून गेलं की त्यांचा महिना बुडतो. गिरणगावातलं तेच गाऱ्हाणं पन्नास वर्षांनी इथं आहे. यांच्यातली कुणी बाई चार जणींना गोळा करून बँकेत जात असेल, कुणी कंत्राटी पोरांची भविष्यनिर्वाह निधीची खाती तपासून देत असेल, तर ती माणसं आम्हाला हवी आहेत. फ्लेक्सवर वाढदिवसाला झळकणारे 'कामगार नेते' नकोत. त्यांची छपाई त्यांनीच भरपूर केलेली आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कन्नड तालुक्यातून, बीडकडून ऊसतोडीच्या गाड्या निघालेल्या असतील. कोयता, उचल, मुकादम हे शब्द आमच्या लेखकांना आता पाठ आहेत. उचलीचा हिशेब कागदावर लिहून घ्या म्हणून मुकादमाशी भांडणारी एखादी बाई मात्र त्यांच्या लेखात अजून आलेली नाही.

म्हणून एक विनंती. आमचे वर्गणीदार बहुतेक सगळे लिहिते आहेत आणि अंक वाचल्यावर पत्र टाकल्याशिवाय राहत नाहीत, हे आम्ही जाणतो. पुढच्या वर्षी स्थलांतरावर लिहायचं असेल तर प्रवास सोडा. तुमच्या वस्तीत, कंपनीच्या गेटाबाहेर, खानावळीत जो माणूस किंवा जी बाई वही धरते, तिच्याजवळ चार दिवस बसा. त्या वहीत काय लिहिलेलं असतं, हप्ता चुकला तर काय करतात, बैठकीला कोण येत नाही आणि का, हे लिहून पाठवा. ज्यांची नावं छापल्यानं त्यांना त्रास होईल, त्यांची नावं बदला. आकडे बदलू नका. लेख जुलैअखेर आमच्याकडे पोचावा. कविता पाठवल्यास परत केल्या जाणार नाहीत.