तो, ती, ते... सगळे 'ना'!

कोलकात्यात मिर्झा गालिब स्ट्रीटवर १८२१ साली सुरू झालेलं आर्मेनियन कॉलेज आहे. नाव कॉलेज, पण आहे शाळाच. तिथली भाषा शिकायला घेतलीत तर एक सुख आहे: लिंगाची भानगडच नाही! तो, ती, ते तिघांनाही 'ना'. (बंगालीतही तो आणि ती दोघांना 'शे'च. म्हणून तर मराठी शिकताना बंगाल्यांची दमछाक होते.) 'दू' म्हणजे तू, मोठ्यांना मात्र 'दूक', आपल्या 'तुम्ही'सारखं. प्रत्ययही नामाला आपल्यासारखाच चिकटतो: 'द्प्रोत्स' म्हणजे शाळा, 'द्प्रोत्सुम' म्हणजे शाळेत. शहरात आर्मेनियन घरं आता मोजकीच उरलीत. त्यामुळे हे 'दू' आणि 'दूक' ऐकू येतात ते बहुतेक 'द्प्रोत्सुम'च, तेही आर्मेनिया, इराणहून शिकायला आलेल्या मुलांच्या तोंडून.